स्वयंसेवक, गवंडी आणि पडकी भिंत



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कामासाठी केलेल्या रेल्वेच्या प्रवासात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण माझ्याकडून करणार नाही, याची खात्री आहे. मात्र दगड, चुना, मजुरी आणि मजूर या चार गोष्टींशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. बांधकाम मजुरांच्या संघटनेत काम करणाऱ्याला त्या टाळून चालत नाही. त्याच चार गोष्टींच्या आधाराने आज एका प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न असा : परक्या देशात जाऊन तेथील एखादी ऐतिहासिक वास्तू जतन करण्यासाठी आपल्या तरुणांनी विनावेतन राबावे काय? आणि परक्या देशातले तरुण आपल्या किल्ल्यांवर तसेच राबावयास आले, तर आपण त्यांना कोणते काम द्यावे?

आपण म्हणाल, हा प्रश्न मिरजेत कशाला? त्याला कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. आपल्या शेजारचा पन्हाळा त्यांत आहे, साताऱ्याचा प्रतापगड आहे, रायगड तर आहेच. म्हणजे हे किल्ले आता एका अर्थाने साऱ्या जगाचे झाले. जगाचे झाले की जगातले हात तेथे येणार. आणि आपली मुलेही, शिक्षणासाठी असोत की नोकरीसाठी, जगभर जाऊ लागलीच आहेत. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आपल्या दारात येणारच आहे.

प्रथम ही प्रथा आली कोठून ते पाहू. पहिले महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्समधील व्हर्दं या गावाच्या आसपासचा मुलूख तोफांनी नांगरून निघाला होता. १९२० साली प्येर सेरेसोल नावाचा एक स्विस गृहस्थ काही सोबती घेऊन तेथल्या एस्न या खेड्यात गेला आणि पडकी घरे व रस्ते दुरुस्त करू लागला. त्या सोबत्यांत जर्मन तरुणही होते. ज्यांच्या देशाच्या तोफांनी ते खेडे पाडले होते, त्या देशाच्या मुलांनी तेथे फावडे हाती धरले. गावातल्या सर्वांना ते रुचले असे नाही, आणि ते शिबिर फार काळ टिकलेही नाही. परंतु कल्पना टिकली. शत्रूच्या गावी जाऊन मातीची पाटी उचलावी, यापरते तहाचे दुसरे कलम नाही, ही ती कल्पना.

हाच सेरेसोल १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर भारतात आला आणि तेथील खेडी पुन्हा उभी करण्याच्या कामाला लागला. त्याच्या चळवळीतले परदेशी तरुण पुढे, १९५० नंतरच्या दशकात, वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनातही येऊन राबले. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या सावलीला उभे राहावयास गावचा माणूस तयार नव्हता, त्या काळात समुद्रापलीकडची मुले तेथे भिंती बांधीत होती. तेव्हा परदेशी स्वयंसेवक ही चीज महाराष्ट्राला नवी नाही. मिरजेला तर मुळीच नाही. १८९४ साली ज्यांनी येथे इस्पितळ उभे केले ते डॉ. वॉन्लेस कॅनडात जन्मलेले होते. परमुलखातून आलेला माणूस हाताने काम करील तर तो परका राहत नाही, हे या गावाने पुष्कळ आधी पाहिले आहे.

पुढे याच शिबिरांची पद्धत जुन्या वास्तूंकडे वळली. फ्रान्समध्ये १९६६ साली अशा शिबिरांचा एक संघ स्थापन झाला. रांपार हे त्याचे नाव, म्हणजेच तटबंदी. पडके किल्ले, देवळे, जुन्या गिरण्या यांच्या दुरुस्तीसाठी दर उन्हाळ्यात देशोदेशींचे तरुण तेथे येतात, दोन-तीन आठवडे राहतात, दिवसाचे काही तास काम करतात. युनेस्कोनेही २००८ सालापासून जागतिक वारसास्थळांवर स्वयंसेवकांची शिबिरे सुरू केली. राहण्या-जेवणाची सोय शिबिरात असते. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा, आणि पुष्कळ ठिकाणी वर शुल्कही भरावयाचे.

येथेच माझ्या धंद्यातला प्रश्न उभा राहतो. आमच्या संघटनेच्या एका सभासदाचा मुलगा स्थापत्याची पदविका घेतलेला आहे. अशा एका शिबिरास जावे, असे त्याच्या मनात आले. तो मला विचारावयास आला, आणि सोबत त्याचे वडीलही आले. वडील जातिवंत गवंडी. ओळंबा लावल्यावाचून भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा माणूस. मुलाने सारे समजावून सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला म्हणाले, “साहेब, आम्ही जन्मभर भिंती बांधल्या आणि पैसे मागितले. हा भिंत बांधणार आणि वर पैसे देणार! शहाणा कोण म्हणायचा?”

आम्ही तिघेही हसलो. पण बंधुभगिनींनो, तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे, कारण त्यात गवंड्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि वास्तूच्या जिवाचाही.

विनावेतन श्रम दोन जातींचे असतात. एक वेठ आणि दुसरे श्रमदान. वरून पाहिले तर दोन्हींत माणूस दगडच उचलतो. फरक एवढाच की वेठीत त्याला नाही म्हणण्याची सोय नसते. आपल्या देशात वेठीचा इतिहास मोठा आहे, आणि म्हणूनच संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली. ज्याला नाही म्हणता येते त्याचेच दान. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची खात्री आहे त्यालाच आपली दुपार दान करता येते. श्रमदानाची थोरवी मी कमी लेखीत नाही. पण ते करण्याइतकी सवड ही देखील कोणी तरी मिळवून दिलेली असते, एवढेच ध्यानात आणून देतो.

आपल्याकडचे तरुण रविवारी गडावर जातात, टाक्यांतला गाळ काढतात, प्लॅस्टिक गोळा करतात. मला त्यांचे कौतुक आहे. पण तो रविवार त्यांना कोणी दिला? मुंबईच्या गिरण्यांत मजुराला आठवड्याची सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी मजूर एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. गडावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीच्या पाठीशी लोखंड्यांची ती चळवळ उभी आहे. श्रमदान आणि मजुराचा हक्क ही दोन भावंडे आहेत. एकाने दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये, एवढेच पाहावयाचे.

आता स्वयंसेवकाने काय करावे आणि काय करू नये, याचे एक मोठे उदाहरण सांगतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला महापूर आला. कृष्णेचा पूर २००५ साली आणि २०१९ साली सांगलीने पाहिला आहे, तेव्हा घरात शिरलेले पाणी म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची तळघरे चिखलाने भरली. लाखांवर ग्रंथ, हस्तलिखिते, जुनी वर्तमानपत्रे चिखलात बुडाली. तेव्हा इटलीतून व इतर देशांतून तरुण मुलेमुली आपण होऊन तेथे धावली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांनी तळघरापासून वरपर्यंत माणसांची साखळी केली आणि हातोहात एकेक ग्रंथ वर काढला. गावाने त्यांना नाव दिले, ‘चिखलातले देवदूत’.

पण गोष्ट येथे संपत नाही. चिखलातून बाहेर काढलेले पुस्तक वाचलेले पुस्तक नव्हे. ते धुवावे लागते, वाळवावे लागते. पाने सुटी करून पुन्हा शिवावी लागतात. कित्येक ग्रंथ तर तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळवले. आणि बांधणीच्या कामासाठी कसलेले पुस्तकबांधणीदार आणावे लागले, नवे शिकवून तयार करावे लागले. देवदूतांचे काम काही आठवड्यांत आटोपले. कारागिरांचे काम पुढे अनेक दशके चालू राहिले. देवदूत नसते तर ग्रंथ चिखलातच कुजले असते, आणि कारागीर नसते तर ते काठावर कुजले असते. जेथे पुष्कळ हातांची तातडीने गरज आहे तेथे स्वयंसेवक हवा. जेथे एका शिकलेल्या हाताची दीर्घकाळ गरज आहे तेथे कारागीर हवा, आणि त्याला पगार हवा. माझ्या आजच्या सांगण्याचा कणा हाच.

आता आपल्या देशातल्या माणसांनी परदेशात जाऊन काय केले ते पाहू. अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींची दुरुस्ती १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या माणसांनी तेथील लोकांसह केली. भेगा बुजवल्या, ढासळणारा खडक सावरला. त्या मूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. आठ वर्षांची ती मेहनत फुकट गेली काय? मला तसे वाटत नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याने, पुढे त्याचा खून झाला म्हणून आपली शुश्रूषा वाया गेली असे म्हणू नये.

दुसरे उदाहरण कंबोडियातील अंकोरवाटचे. त्या देशात १९७५ ते १९७९ या काळात भयंकर नरसंहार झाला. शिकलेली माणसे वेचून मारली गेली. देवळांची देखभाल जाणणारे लोक नाहीसे झाले. नंतरही यादवी चालूच होती. अशा वेळी, १९८६ पासून १९९३ पर्यंत, आपल्या पुरातत्त्व खात्याची पथके तेथे जाऊन राहिली आणि स्थानिक मजुरांना हाताशी धरून त्यांनी काम केले. जगातले फार थोडे देश तेव्हा तेथे पाऊल टाकावयास तयार होते. ही धिटाई नोंदली गेलीच पाहिजे. परंतु त्याच कामावर पुढे टीकाही झाली. दगडावरची शेवाळे काढण्यासाठी रसायने आणि ब्रश वापरले, त्याने कोरीव दगडाच्या पृष्ठभागाला इजा झाली, असे इतर देशांच्या तज्ज्ञांनी म्हटले. हे पगारी, शिकलेले लोक होते, तरी हा वाद झाला. मग उत्साहाने भारलेल्या आणि पंधरा दिवसांसाठी आलेल्या स्वयंसेवकाने किती सावध असावे, याचा आपणच विचार करा. पुढे याच खात्याने त्याच परिसरातील ता प्रोम या देवळाचे काम हाती घेतले. तेथे मोठमोठ्या झाडांची मुळे भिंतींना मिठी मारून बसली आहेत. पडलेला दगड ओळखावयाचा, त्यावर क्रमांक घालावयाचा, त्याची मूळ जागा शोधावयाची आणि तो तेथे परत बसवावयाचा, असे ते सावकाशीचे काम. घाई झालेल्या माणसाने तेथे जाऊ नये.

आता मी माझ्या मुलखात येतो, म्हणजे चुन्यात.

आपले जुने किल्ले, वाडे, देवळे चुन्याने सांधलेली आहेत. चुना म्हणजे काय? चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवावयाचा, वाळूबरोबर घाणीत मळावयाचा. पुष्कळ गडांवर आजही चुन्याच्या घाणीचे वर्तुळाकार दगडी पन्हाळ आणि मोठे दगडी चाक पडलेले दिसते. बैल ते चाक फिरवीत आणि चुना मळला जाई. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असे जिन्नस त्या त्या भागाच्या रीतीप्रमाणे घालीत. असा चुना भिंतीत गेला की हवेतला तोच कर्बवायू सावकाश परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात, वर्षे लागतात. तोवर त्याला ओल द्यावी लागते, उन्हापासून जपावे लागते.

चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडते. सिमेंट तसे करीत नाही. जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले की वरून भिंत तुळतुळीत दिसते. पण आत गेलेले पाणी आतच कोंडते, क्षार दगडात उतरतात, आणि काही पावसाळ्यांनी सिमेंट शाबूत राहून शेजारचा दगडच पोपडे धरून सुटू लागतो. कणखर शेजाऱ्याने मऊ शेजाऱ्याला खावे, तसा हा प्रकार आहे.

दिल्लीतील हुमायूनच्या कबरीचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकात तिच्या छतावर गळती थांबवण्यासाठी थरावर थर काँक्रीट घातले गेले. २००७ ते २०१३ या काळात तिचे मोठे जतनकार्य झाले, तेव्हा छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरवावे लागले. त्या साऱ्या कामाला कारागिरांचे दोन लाख मानवदिवस लागले. दोन लाख दिवसांची मजुरी! वारसा जपणे म्हणजे एका बाजूने पाहिले तर रोजगार हमीच आहे. पुरातत्त्व खात्याने २०१४ साली जे जतनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले त्यातही परंपरागत कारागिरांचे स्थान मान्य केले आहे. कागदावर ते आहे. ते मजुरीच्या दरात उतरावे, यासाठी आम्हा संघटनेच्या लोकांना अजून पुष्कळ जोडे झिजवावे लागणार आहेत.

आमच्या गवंड्याचा प्रश्न म्हणजे हाच. त्याला भीती मुलगा पैसे खर्च करील याची नव्हती. त्याच्या बोलण्याच्या तळाशी दुसरी भीती होती. दगडाचे काम फुकट होते असे एकदा लोकांना वाटू लागले, तर दगडाचे काम जाणणाऱ्याला कोण विचारणार? आधीच वडार आणि पाथरवट समाजातली मुले छिन्नी-हातोडा टाकून दुसऱ्या कामाला लागली आहेत. कोणता दगड कोणत्या अंगाने फुटेल, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यांच्या घरात ते ज्ञान आता उपाशी आहे. त्यांचा वाटा नसलेली वारशाची राखण म्हणजे देव्हारा घासून लख्ख करावा आणि पुजाऱ्याला घराबाहेर काढावे, तसे आहे.

यावर कोणी म्हणेल, हा युनियनवाला प्रत्येक गोष्टीत मजुरीच पाहतो. इतिहासावर निखळ प्रेम म्हणून काही नसते काय? अवश्य असते. मिरजेनेच त्याचा नमुना दाखवला आहे. वासुदेवशास्त्री खरे याच गावातल्या शाळेत शिकवीत. नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वाचले, लावले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. वारशासाठी स्वेच्छेने राबणे यापेक्षा वेगळे ते काय असते? पण एक गोष्ट ध्यानात घ्या. शास्त्रीबुवांना मोडी येत होती. दप्तराच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्यांनी ती विद्या कमावली होती. प्रेमाला विद्येची जोड होती, म्हणून कागद वाचले. नुसत्या प्रेमाने रुमाल सोडले असते तर कागदांचा भुगा झाला असता.

आणि मजुरीचे म्हणाल, तर त्याचाही दाखला मिरजेतच आहे. येथली सतार आणि तंबोरा साऱ्या देशात जातो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तलवारींचे दिवस संपल्यावर भोपळा आणि लाकूड हाती घेतले, आणि शतकाहून अधिक काळ ही कला चालवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला कोणत्या स्वयंसेवकाने जगवली? कोणत्याही नाही. गाणाऱ्याने वाद्य विकत घेतले, कारागिराच्या घरी पैसा गेला, म्हणून मुलगा बापाच्या शेजारी बसून जवारी काढावयास शिकला. ज्या दिवशी त्या मुलाला या धंद्यात पोट भरणार नाही असे वाटेल, त्या दिवशी मानांकनाचा कागद चौकटीत राहील आणि तंबोरा मुका होईल.

मग मी त्या मुलाला काय सांगितले? जाऊ नकोस, असे सांगितले नाही. उलट, जा म्हणालो. परंतु काही गोष्टी बजावल्या. त्या आपणांपुढेही ठेवतो.

पहिली गोष्ट : जाण्यापूर्वी विचार, की त्या कामावर पगारी कारागीर आहे की नाही. त्याच्या हाताखाली काम करावयाचे असेल तर जा. त्याच्या जागी काम करावयाचे असेल तर जाऊ नकोस. संप मोडण्यासाठी फुकट हात पुरवणे आणि मजुराची जागा भरण्यासाठी फुकट हात पुरवणे यांत मला फरक दिसत नाही.

दुसरी : तुझ्याकडून घेतलेले शुल्क कोठे जाते ते विचार. वास्तूवर आणि जेवणावर खर्च होत असेल तर ठीक. मधल्या दलालाच्या खिशात जात असेल तर तो प्रवासी कंपनीचा धंदा आहे, त्याला सेवा म्हणू नये. विम्याचे काय, डोक्यावर शिरस्त्राण मिळणार की नाही, उंचीवर चढवणार असतील तर दोर कोणाचा, हेही विचार. दानाला निघालेल्या माणसाचे डोके फुटले तरी रक्त येतेच.

तिसरी : पहिले आठ दिवस फक्त पाहा. पाटी उचल, पाणी मार, चुना चाळ. कोणी छिन्नी हातात देईपर्यंत मागू नकोस. आपल्या गडांवरच्या मंडळींनाही माझे हेच नम्र सांगणे आहे. भिंतीत उगवलेला पिंपळ जोर लावून उपटला तर मुळासकट चार दगड बाहेर येतात. तो कापून, मूळ मारून, सांधा चुन्याने भरावा लागतो. टाक्यातला गाळ उपसताना खापरे, नाणे, तोफगोळा निघाला तर तो कोणत्या थरात निघाला याला महत्त्व असते. वर आणून मांडून ठेवला की त्याची निम्मी साक्ष बुडाली. म्हणून १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा आपल्या राज्याचा असे दोन कायदे आहेत, आणि संरक्षित वास्तूवर परवानगीवाचून काम करण्यास बंदी आहे. हा जाच वाटतो खरा. पण डॉक्टरच्या परवानगीवाचून आपण इस्पितळात कोणाला सुई टोचू देत नाही.

चौथी : त्या देशाची चार वाक्ये शिकून जा, आणि तेथल्या गवंड्याला काय मजुरी मिळते ते विचार. त्याची युनियन आहे का, त्याचा मुलगा काय करतो, हेही विचार. किल्ल्याचा इतिहास पुस्तकात मिळेल. हा मिळणार नाही.

आणि पाचवी : शिकलेले घेऊन परत ये. परदेशची भिंत चुन्याने सांधून आलेला मुलगा मिरजेत येऊन सिमेंटच्या गोण्या मोजणार असेल, तर त्या प्रवासाचा उपयोग काय? आपल्या मिरजेच्या भुईकोटाचे आज काय उरले आहे ते आपण जाता-येता पाहताच. १६६० च्या आरंभी खुद्द शिवाजीमहाराजांनी ज्याला वेढा घातला होता तो हा किल्ला. जगाचा वारसा पाहून आलेल्या डोळ्यांनी एकदा घरच्या दगडाकडेही पाहावे.

आता थोडेसे उलट बाजूने. उद्या पन्हाळ्यावर किंवा रायगडावर परदेशातली मुले आली, तर त्यांना काय द्यावे? माझे मत असे की, आपल्या गवंड्याला त्यांचा गुरू करावे आणि त्या गुरूला गुरूचा पगार द्यावा. जर्मनीची मुलगी आणि मिरजेचा मुलगा एका घाणीवर चुना मळू देत, आणि निवाडा देऊ दे वडार समाजातला एखादा वृद्ध पाथरवट. सेरेसोलने व्हर्दंच्या मातीत जे पेरले त्याचे खरे पीक हेच. देशादेशांतली भांडणे भाषणांनी मिटत असती तर जगात एवढी भाषणे होऊनही ती उरली नसती. बरोबर उचललेला दगड मात्र दोघांच्याही हाताला सारखाच जड लागतो.

आणि स्वयंसेवकाला यातून काय मिळते? माझ्या मते, फार मोठी गोष्ट मिळते. ज्याने पंधरा दिवस स्वतः दगड वाहिला आहे तो पुढे जन्मात गवंड्याशी मजुरीवरून घासाघीस करणार नाही. हा एक धडा शिकून आलेली शे-दोनशे माणसे गावात असली, तर आम्हा युनियनवाल्यांचे निम्मे काम हलके होईल. त्या गवंडी मित्राला मी हेच उत्तर दिले : तुमचा मुलगा पैसे देऊन भिंत बांधावयास चालला आहे असे समजू नका. तो पैसे देऊन तुमची विद्या शिकावयास चालला आहे. घरात ती फुकट मिळत होती, तेव्हा त्याला तिची किंमत कळली नव्हती. यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग जाण्याआधी चार दिवस माझ्याबरोबर चुना कालवू दे त्याला. तिथं जाऊन माझं नाव घालवायला नको.” तो मुलगा सध्या वडिलांबरोबर एका जुन्या वाड्याच्या कामावर आहे. परदेशी जाईल तेव्हा जाईल.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची एक पायरी आहे. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव तीवर कोरलेले आहे. राज्य छत्रपतींचे आणि मंदिर देवाचे. पण पायरीवर नाव बांधणाऱ्याचे आहे. त्या पायरीवरून आपण सारे चढून जातो. हिरोजींच्या हाताखाली ज्यांनी ते दगड घडवले, वाहिले, बसवले, त्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. १८९५ साली लोकमान्यांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीची हाक दिली आणि सामान्य माणसांनी त्यात आपले आणे-पैसे टाकले. त्यांचीही आज आपल्याला आठवण नाही. वारसा असा असंख्य निनावी हातांनी उभा राहतो आणि तशाच हातांनी टिकतो. यापुढे जेथे जेथे जुनी भिंत दुरुस्त होईल तेथे एका कोपऱ्यात गवंड्यांची, मजुरांची आणि त्यांच्या हाताखाली राबलेल्या स्वयंसेवकांची नावे लिहावीत, इतकी साधी मागणी मी या व्यासपीठावरून करतो. तिला खर्च एका फरशीचा आहे.